नुसता आवाज

लिफ्टवाल्याच्या मुलीला अख्खा क्लब टिटवी म्हणायचा. लहानपणी मॅटवर उतरली की ही एवढीशी पोर ओरडून हॉल दणाणून सोडायची, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच.

बाप दिवसभर लोकांच्या अडकलेल्या लिफ्टी सोडवायचा आणि संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये मुलांना तायक्वांदो शिकवायचा. नव्या पोरांना त्याचा पहिला धडा ठरलेला. छातीवर जाडजूड चेस्टगार्ड बांधून उभा राहायचा आणि म्हणायचा, "कान उघडे ठेवा. फट् वाजलं की समजायचं, पाय नुसता चापटीसारखा पडला. धप् झालं की जोर आत गेला. फट् म्हणजे टाळी. आणि टाळ्या वाजवायला प्रेक्षक आहेत, तुम्ही नाही."

गेल्या वर्षी त्याचीच छाती उघडावी लागली. हाड कापून, आतलं काम उरकून, डॉक्टरांनी ते तारेनं बांधून टाकलं. छातीवर मार बसता कामा नये, असं त्यांनी बजावून सांगितलं होतं. यानं त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. चार महिने घरात कुरकुरत काढले आणि एका संध्याकाळी सरळ गार्ड काखोटीला मारून हॉलमध्ये हजर झाला. बायको म्हणाली, "अहो, दुसऱ्या कोणाला तरी उभं करा की." हा फिस्कारला, "पोरीच्या किकची सवय या छातीला आहे. दुसऱ्याचं ते काम नाही." या माणसाशी वाद घालणं म्हणजे डोकं फोडून घेणं, हे तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

गार्डच्या नाड्या पाठीवर असतात, दुसऱ्यानं बांधाव्या लागतात. टिटवीच बांधायची. मग सराव सुरू व्हायचा. फट्! फट्! हॉलभर आवाज घुमायचा आणि हा खांबासारखा उभा. "बघ, हललो का? अजून तुझा बाप आहे म्हटलं मी!" नाड्या सोडताना ती रोज विचारायची, "बाबा, दुखलं का?" हा रोज म्हणायचा, "छे!" छाती फुगवून घरी जायचा आणि पोटभर जेवायचा.

निवड स्पर्धा आली. टिटवीचं ज्युनियर गटातलं हे शेवटचं वर्ष. निवड झाली असती तर पुढच्या शिबिराचं दार उघडलं असतं, नाही तर बंद. या स्पर्धेत गार्डच्या आत सेन्सर असतात. पूर्वी पंच डोळ्यांनी बघून गुण द्यायचे, आता गार्ड देतो. वजनगटाप्रमाणे जोर ठरलेला असतो, त्याहून कमी पडली तर किक कितीही देखणी असो, बोर्ड ढिम्म राहतो.

समोरची मुलगी उंच होती, बाकी काही विशेष नव्हतं. टिटवीनं सुरुवातीलाच तिला कोपऱ्यात घेतलं. फट्! फट्! लोक टाळ्या पिटत होते. बोर्डावर मात्र भोपळा. आणि त्या उंच मुलीची एक साधीशी, आवाज न करणारी किक बसली, तर बोर्डानं लगेच तिला दोन गुण दिले.

फेरी संपताच बापानं कोचच्या खुर्चीतून उठून डोक्यात राख घालून घेतली. "गार्ड बंद आहे! पोरगी वाजवतेय, तुमचं यंत्र झोपलंय!" पंचांनी शांतपणे खेळाडू पायात घालतात तो सेन्सरचा मोजा हातात चढवला आणि त्या उंच मुलीच्या गार्डवर हाणला. बोर्डावर आकडा पडला.

"काका," पंच म्हणाले, "गार्डला आवाज ऐकू येत नाही. जोर लागतो."

मुलांना गेली कित्येक वर्षं जे तो घोकून घोकून शिकवत होता, तेच कोणीतरी त्याला परत सांगत होतं. बापानं टिटवीकडे पाहिलं. हेडगार्डच्या आत तिचा चेहरा खाली गेला होता.

"टिटवे, धप् मार. येतं ना तुला?"

"मारते, बाबा."

दुसऱ्या फेरीत त्यानं बोर्ड सोडून तिच्या किककडे, वर्षभरात प्रथमच, बाजूनं पाहिलं. वर्षभर तो गार्डच्या आत होता, त्याला फक्त समोरून येणारा पाय दिसायचा. आता सगळं दिसलं. पाय सुसाट निघत होता आणि गार्डजवळ पोचता पोचता गुडघा मऊ पडत होता, कंबर थांबत होती. पावलाची पाठ अलगद आडवी पडून वाजत होती, झोपलेल्या माणसावर पांघरूण टाकावं तशी. असला पाय एका दिवसात तयार होत नाही. त्यासाठी वर्षभर घोटावं लागतं. टिटवी हरली.

घरी आल्यावर ती खोलीत जाऊन पडली. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"तुला माहीत होतं?"

बायको भांडी विसळत होती. "माहीत होतं. मीच म्हटलं होतं तिला, बाबांना जपून मार. कळू मात्र देऊ नकोस." मग हात पुसत म्हणाली, "तुम्हाला कसं हो कळलं नाही? एवढे कान तुमचे."

त्याला कळलं नव्हतं, कारण त्याला कळून घ्यायचं नव्हतं. फट् ऐकत होता आणि आपण अजून भक्कम आहोत असं मानत होता. पोरीचं एक वर्ष त्यानं स्वतःच्या मिजाशीवर उडवलं होतं. तो तिच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसला. ती उशीत तोंड ठेवून म्हणाली, "मी ठरवलं होतं बाबा, तिथे जोरात मारायचं. पण गार्ड दिसला की मला तुम्हीच दिसता."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो एका माणसाला घेऊन हॉलमध्ये आला. पलीकडच्या क्लबचा कोच, अंगानं अवाढव्य. याला तो नेहमी चारचौघांत 'गादी' म्हणून हिणवायचा. आज त्यानं स्वतःचा गार्ड गादीच्या अंगावर चढवला आणि पाठीमागे जाऊन नाड्या आवळल्या.

"माझ्याकडे बघू नकोस," तो टिटवीला म्हणाला आणि लांब बाकावर जाऊन बसला.

फट्. पुन्हा फट्.

"अगं बाळा," गादी म्हणाला, "मी तुझा बाप नाही. मार!"

टिटवीनं डोळे पुसले. ओरडली नाही. पाय निघाला, आणि धप् झालं. गादी दोन पावलं मागे धडपडला आणि मॅटवर बसला. "आई गं!" म्हणाला तशी सगळी पोरं फिदीफिदी हसली.

बाप हसला नाही. हा आवाज त्यानं वर्षभर ऐकला नव्हता. इतका जोर पोरीच्या पायात होता, आणि तो सगळा ती रोज संध्याकाळी, एकेका किकला, त्याच्यासाठी आवरून धरत होती. त्याचा हात छातीवर गेला आणि डोळे भरून आले.

टिटवी मॅटवरून धावत आली. "बाबा, दुखतंय का?"

छे, म्हणायला त्यानं तोंड उघडलं.

"हो गं," तो म्हणाला. "दुखतंय. रोजच दुखायचं."

ती त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. त्यानं तिच्या हेडगार्डचा सुटलेला पट्टा नीट लावला.

"जा," म्हणाला, "अजून मार."