न केलेल्या सह्या

प्रशिक्षण संस्थेच्या खिडकीमागचा कारकून आता तिला ओळखायला लागला होता. ती रांगेत दिसली की तो आधीच मान हलवायचा.

"हप्ते नाहीत, बाई. मागच्या खेपेला सांगितलं, त्याच्या आधीच्या खेपेलाही सांगितलं. सगळी फी एकदम भरायची. पंधरा तारखेच्या आत."

लिफ्ट दुरुस्तीचा दहा महिन्यांचा कोर्स होता, संध्याकाळचा. फी म्हणजे तिचा आठ महिन्यांचा पगार, तोही न खातापिता साठवला तर. पण कोर्स झाला की परवाना मिळणार होता, आणि परवाना असलेल्याला मदतनिसाच्या तिप्पट पगार होता. म्हणून ती दर सहा महिन्यांनी इथे येऊन रांगेत उभी राहायची आणि तेच उत्तर घेऊन परत जायची.

तिचं वय एक्केचाळीस. लिफ्टच्या कामात येण्याआधी सोळा वर्षं तिने पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात प्रुफं तपासली होती. छापखाना बंद पडला तेव्हा एका लिफ्टच्या कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायला बाई हवी होती, तिथे ती लागली. फोनवर लोक काय काय सांगायचे ते ऐकून ऐकून तिला त्या यंत्राचंच कुतूहल वाटायला लागलं, आणि वर्षभरात तिने मालकांना सांगितलं की मला दुरुस्तीच्या कामावर पाठवा. मालक हसले, पण पाठवलं. पगार मात्र मदतनिसाचा, म्हणजे फोनवर होता त्याहूनही कमी. थोरल्या बहिणीने कपाळावर हात मारला. दोघी एकत्र राहायच्या. ताई म्हणाली, "चांगली सावलीत बसून बोलत होतीस, आता खड्ड्यात उतर." आणि खरोखरच तिचं पहिलं काम लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरून तिथलं तेलकट पाणी उपसायचं होतं.

काम शिकवणारे मिस्त्री म्हणजे मामा. कुणाचेच मामा नव्हते, पण सगळ्या शहरातले वॉचमन त्यांना मामा म्हणायचे. तिने पहिल्याच आठवड्यात नोंदवहीतल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या, तेव्हापासून ते तिला मास्तरीण म्हणायला लागले. तीन वर्षं ती त्यांच्यामागे टॉर्च धरून हिंडली. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत ते तिला डोळे मिटून उभी करायचे. "काय ऐकू येतंय?" ती सांगायची. "अजून?" ती अजून सांगायची. मग ते म्हणायचे, "कान बरा आहे तुझा. आता फक्त तो कागद मिळव. कागदाशिवाय या धंद्यात कान कुणी विचारत नाही."

एका सोमवारी मामा कामावर आले नाहीत. मंगळवारीही नाहीत. बुधवारी मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावून घेतलं, बसायला खुर्ची दिली, चहा मागवला.

"बाई, तुमची फी कंपनी भरणार."

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"सगळी. तुम्ही मेहनती आहात. मामांचं वय झालं, आता तुमच्यासारखी माणसं पुढे यायला हवीत. पैशाचं नंतर बघू हो, पगारातून थोडं थोडं. घाई नाही."

हिशेबनीस फॉर्म घेऊन आला. एकेक पान उलटत, बोट ठेवत म्हणाला, इथे, इथे, आणि इथे. छापील मजकूर दिसला की ओळ न् ओळ वाचल्याशिवाय तिचा हात पुढे जात नसे. दुकानाच्या पावत्यासुद्धा ती वाचायची. त्या दिवशी तिने वाचलं नाही. डोळे भरून आले होते आणि ते हिशेबनिसाला दिसू नयेत म्हणून ती मान खाली घालून भराभर सह्या करत गेली. शेवटच्या कोऱ्या कागदावर त्याने चौकट आखली होती. "यात जरा ठसठशीत करा. नमुना म्हणून लागते." तिने तीही केली.

ताईने घरी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा कुठे आहेत?"

"आजारी असतील."

"तू विचारलंस?"

तिने विचारलं नव्हतं.

कोर्स पहिल्या तारखेला सुरू व्हायचा होता. त्या संध्याकाळी ती नवी वही, पेन, पाण्याची बाटली असं शाळेतल्या मुलीसारखं सगळं घेऊन संस्थेत गेली. कारकुनाने नेहमीसारखी मान हलवली नाही. यादीत बोट फिरवत तो थांबला, तिच्याकडे बघितलं आणि दुसरी यादी काढली.

"तुम्ही वर्गाला कशाला आलात? तुमचं झालंय."

"काय झालंय?"

"कोर्स. पास आहात तुम्ही. प्रमाणपत्र कंपनीचा माणूस घेऊन गेला मागच्याच आठवड्यात." मग त्याचा आवाज खाली आला. "प्रथम श्रेणी मिळालीय तुम्हाला. आता जा, बाई. मागे रांग आहे."

मागे कुणीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मालकांसमोर उभी राहिली. प्रमाणपत्र त्यांच्या टेबलाच्या काचेखाली होतं. त्यावर तिचा फोटो, तिचं नाव, दहा महिने पूर्ण केल्याची तारीख.

"पण मी एकही दिवस गेले नाही."

"मग? दहा महिने वाचले की तुमचे." मालक प्रसन्न होते. "मामांजवळ तीन वर्षं शिकलात, ते काय कमी आहे? पुढच्या महिन्यापासून पगार वाढवतो. घरी सांगा, आनंद करा."

"मला शिकायचं होतं," ती म्हणाली. हे बोलताना तिला स्वतःलाच ते पोरकट वाटलं.

"शिका ना. कोण नको म्हणतंय? पुस्तकं आणून देतो."

त्या दुपारी ती मामांकडे गेली. ते आजारी नव्हते. खिडकीशी स्टुलावर बसून होते, हात मांडीवर. तिला बघून उठले नाहीत.

"पास झालीस म्हणे," ते म्हणाले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मला काढलं तेव्हाच कळलं, आता कुणीतरी पास होणार." त्यांनी तिला बसायची खूण केली. "ती डोळ्यांच्या दवाखान्याची इमारत आठवते? नऊ मजली. तिच्या लिफ्टचा ब्रेक संपलाय. तीन महिने सांगत होतो, नवा आणा. आणू, आणू म्हणाले. तिन्ही महिने मी तपासणीच्या कार्डावर सही केली नाही. म्हटलं, लिफ्ट बंद ठेवा. तर मलाच बंद ठेवलं."

"मग ती लिफ्ट?"

"चालूच असणार. सही पाहिजे फक्त. ती कुणाचीतरी मिळाली असेल त्यांना." ते तिच्याकडे बघत राहिले. "मास्तरीण, तू काही कोऱ्यावर सही दिलीस का?"

ती तिथून तडक त्या इमारतीत गेली. दुपारची वेळ, दवाखान्याची गर्दी. लिफ्टसमोर डोळ्यांवर पट्ट्या बांधलेली म्हातारी माणसं कुणा ना कुणाचा हात धरून उभी होती. ती त्यांच्यात घुसून आत शिरली. बटणांच्या वर, काचेच्या चौकटीत कार्ड होतं. शेवटच्या तीन महिन्यांसमोर तीन सह्या. तिच्याच.

तिने चष्मा वर करून जवळून बघितलं. कुणी नक्कल केली असती तर तिला इतकं भ्यायला झालं नसतं. तिन्ही सह्यांत पहिल्या अक्षराखाली तोच शाईचा ठिपका होता, शेपटी त्याच जागी तुटलेली होती. माणूस दोनदा सारखी सही करत नाही. कोऱ्या कागदावरच्या त्या ठसठशीत सहीचा शिक्का बनवला होता. आणि पहिली तारीख तर ती कागदोपत्रीसुद्धा पास व्हायच्या आधीची होती.

लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली. थांबली म्हणजे मजल्यापासून वीतभर खाली जाऊन थांबली. दार उघडलं. "जपून हं, आजी, पायरी आहे," कुणीतरी म्हणालं, जणू ती पायरी तिथे नेहमीचीच होती. आजीने पाय उचलून चाचपडत वर टाकला.

ती बाहेर पडली आणि जिन्याने खाली धावली.

"लिफ्टमध्ये कुणाला सोडू नका," ती वॉचमनला म्हणाली. "आतली माणसं उतरली की दार धरून ठेवा आणि मला फोन करा. मी वर चाललेय."

"अहो, दवाखाना भरलाय. मामा कुठे आहेत?"

"मामांनीच सांगितलंय."

ते ऐकून त्याने मान डोलावली आणि मशीनच्या खोलीची किल्ली दिली. नऊ मजले चढून ती मशीनच्या खोलीत पोचली तेव्हा तिच्या छातीचा भाता झाला होता. मोठं चाक फिरत होतं. म्हणजे अजून कुणीतरी आत होतं. ब्रेकखाली काळी भुकटी साचली होती, पिठाच्या गिरणीत साचते तशी. मोटर थांबली, ब्रेकने चाक धरलं, आणि धरल्यावरही चाक सरकत राहिलं. सावकाश, हातभर. मग थांबलं. तिने हातातला फोन बघितला. फोन वाजेना. चाक पुन्हा फिरायला लागलं.

मेन स्विच हाताशी होता. आत्ता पाडला तर आतली माणसं दोन मजल्यांच्या मध्ये लटकणार, आणि तो ब्रेक त्यांना किती वेळ धरून ठेवील ते तिला सांगता आलं नसतं. कदाचित दहा महिने वर्गात बसली असती तर सांगता आलं असतं. ती स्विचवर हात ठेवून उभी राहिली. चाक थांबलं, सरकलं, थांबलं. फिरलं. थांबलं, सरकलं. प्रत्येक वेळी तिला ते आधीपेक्षा जास्त सरकल्यासारखं वाटत होतं, आणि ते खरं की भीतीने तसं वाटतंय हे ठरवायला तिथे कुणी नव्हतं.

अखेर फोन वाजला. "रिकामी आहे. दार धरलंय. पण लोक शिव्या देताहेत बरं का."

तिने स्विच पाडला, खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली.

खाली येईपर्यंत तमाशा झाला होता. सहाव्या मजल्यावर ऑपरेशन झालेल्या एका बाईंना खुर्चीसकट उचलून जिन्याने आणावं लागलं. उचलणाऱ्यांतला एक जण, त्यांचा मुलगा असावा, घामाघूम होऊन ओरडला, "लाज नाही वाटत? दवाखान्याची लिफ्ट दुपारी बंद करता?" तिने खुर्चीचा एक पाय धरला आणि शेवटपर्यंत उतरवायला मदत केली.

मालकांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"बाई, लिफ्ट चालू करा."

"ब्रेक बदला. मग करते."

"ब्रेक चांगला आहे. तीन महिने तपासलाय. कार्ड बघितलंत ना? कुणी तपासलाय? उद्या काही झालंच, तर लोक माझ्या दारात येणार नाहीत. कार्डावर नाव असतं त्याच्या दारात जातात. विचार करा. आणि त्या फॉर्ममध्ये लिहिलंय, वर्षाच्या आत नोकरी सोडली तर फी एकरकमी परत द्यायची. तुम्ही वाचलंच असेल. तुम्ही तर सगळं वाचता."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि मामा सरकारी तपासणी कार्यालयात गेले. तिथल्या अधिकारी बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मामांचंही घेतलं. लेखी जबाब झाला. दवाखान्याच्या लिफ्टला संध्याकाळपर्यंत सील लागलं. इतकं सरळ काम होईल असं तिला वाटलंच नव्हतं, म्हणून निघताना तिने धीर करून विचारलं, "मला कोर्स खरोखर करायचाय. मालकांचे पैसे नकोत. मी साठवीन, ताईपण थोडे देतेय. पुढच्या खेपेला प्रवेश मिळेल ना?"

बाईंनी संगणकावर काहीतरी बघितलं. "तुमची नोंद पास म्हणून आहे. पास झालेल्याला पुन्हा प्रवेश देता येत नाही."

"पण ते खोटं आहे. आत्ताच लिहून दिलं ना मी?"

"चौकशीत तसं ठरलं की नोंद रद्द होईल."

"किती दिवस लागतील?"

बाईंनी खोटा दिलासा दिला नाही. "वर्ष. जास्तही. आणि तोवर परवानाधारक तुम्हीच आहात. म्हणजे कार्डावर सही आहे तिथली जबाबदारीसुद्धा." मग फाईल मिटत त्या म्हणाल्या, "त्या कंपनीच्या एकूण लिफ्ट किती?"

"सेहेचाळीस," मामा म्हणाले.

"कुठल्या कुठल्या कार्डांवर शिक्का मारलाय, माहीत आहे?"

"शोधून काढू," ती म्हणाली.

नोकरी त्याच दिवशी गेली. फीची नोटीस आठवड्याने आली. ताईने ती वाचली, घडी करून डब्याखाली ठेवली आणि म्हणाली, "शिवणाचं मशीन अजून चालतंय माझं. तू बाहेरचं बघ." ती सकाळी एका छापखान्यात तासावर प्रुफं तपासायला लागली. दुपारी मामांबरोबर पायी हिंडायची, रोज एक-दोन इमारती. मामा वॉचमनशी गप्पा मारायचे, ती आत जाऊन कार्ड बघायची. अकरा ठिकाणी शिक्का सापडला. काही ठिकाणी मशीन ठीक होतं. तीन ठिकाणी नव्हतं. ती कार्यालयाला कळवायची आणि सील लागेपर्यंत दिवस मोजायची.

पुढच्या एका इमारतीत पोचायला त्यांना उशीर झाला. दिवेलागणीची वेळ, माणसं कामावरून परतत होती. वॉचमनने मामांना लांबूनच हाक मारली. "बरं झालं आलात! दोन दिवस झाले, लिफ्ट कण्हल्यासारखा आवाज करतेय. कंपनीला फोन केला, तर म्हणाले, कार्ड बघा, तपासलीये."

लिफ्टचं दार बंद होत होतं. आत एक बाप, कडेवर मूल, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या दोन बायका. ती "थांबा!" म्हणून ओरडली. बापाने बटण शोधायला हात वर केला तोवर दार मिटलं.

मामा जिन्याकडे वळले, पण त्यांचे गुडघे तिला माहीत होते. तिने त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि एकटीच चढायला लागली. भिंतीपलीकडून आवाज तिच्याबरोबर वर चढत होता. तो कसला हे तिला नीट ओळखता येत होतं, आणि तो किती दिवस टिकेल हे अजिबात येत नव्हतं.

सहाव्या मजल्यावर दार उघडल्याचं तिने ऐकलं. मूल हसलं. बाप कुणाला तरी किल्ल्या मागत होता. ती त्यांच्यासमोरून धापा टाकत गेली, तेव्हा त्याने विचारलं, "काय हो बाई, लिफ्ट असताना जिन्याने?"

तिला दम नव्हता. तिने फक्त हाताने खूण केली, आत जाऊ नका, आणि गच्चीच्या दिशेने वर चढत राहिली.