भरतीचं पाणी

ओहोटी.

सातव्या महिन्यात रतन माहेरी, कोपरला आली आणि पहिलं मागणं तिसऱ्यांचं, खाडीतल्या शिंपल्यांचं. आईच्या हातच्या. खोबरं भाजून, वर कोकम.

आई, हौसाबाई, तिला खाडीकाठच्या खाजणात घेऊन गेली. चिखलात तिसऱ्या होत्या. सगळ्या उघड्या, आत काही नाही. दोन वर्षांपूर्वी, अठराशे चौऱ्याऐंशीत, वरच्या अंगाला विलायती रंगांनी सूत रंगवायचा कारखाना निघाला. तेव्हापासून खाडी कधी लाल वाहते, कधी जांभळी.

"राहू दे, आये."

"डोहाळे राहिले तर पोराचा कान फुटतो."

वाट.

आगगाडीच्या रुळांच्या कडेने हौसाबाई एकटीच मुंब्र्यापर्यंत. पुढे होडी. ठाण्याला तिचा भाऊ विठ्ठल. त्याच्या खाडीत अजून तिसऱ्या होत्या. दुसऱ्या दिवशी परत. डोक्यावर टोपली, वर ओलं गोणपाट. मैलामैलाला एक उचलायची, टिचकी मारायची. घट्ट मिटलेली, म्हणजे जिवंत. मग पुढे.

भरती.

वाळू सोडायला तिसऱ्यांना खारं पाणी लागतं. हौसाबाईने हंडा उचलला.

"खाडीचं नको," रतन म्हणाली. "विहिरीच्या पाण्यात मीठ टाक."

"सासूने शिकवलं वाटतं. अगं, भरती हाय. हे पाणी समुद्राचं. कारखान्याचं कधीच उतरून गेलं."

पाणी खरंच नितळ होतं. परातीत तिसऱ्यांनी हळूहळू जिभा बाहेर काढल्या. दोघी मायलेकी शेजारी बसून बघत राहिल्या.

उन्हं उतरली. रतनने एकीला बोट लावलं. मिटली नाही.

दुसरीला लावलं.

मग हौसाबाईने सगळी परात ढवळली. एकही मिटली नाही.

पुन्हा ओहोटी.

परात खाजणात उपडी करून ती आली. घरामागे चुन्यासाठी साठवलेल्या शिंपल्यांचा ढीग होता. त्याच्या तळाशी हात घालून कारखान्याआधीच्या ओंजळभर काढल्या. घासल्या, धुतल्या. खोबरं भाजलं, मिरची वाटली, कोकम टाकलं. उकळत्या कालवणात त्या रिकाम्या शिंपल्या सोडल्या.

रतनने एक उचलली, ओठांना लावली, रस ओढून घेतला. शिंपली ताटाच्या कडेला ठेवली.

"कशा झाल्यात?"

"मीठ नाही, आये."

हौसाबाई थबकली. तिसऱ्यांच्या कालवणात तिने जन्मात कधी मीठ घातलं नव्हतं. तिसऱ्याच घेऊन यायच्या.

ती मिठाच्या मडक्याकडे वळली, तेव्हा रतनने दुसरी उचलली होती.