एरियलवाटे गेलेला चेंडू

अठ्ठ्याहत्तर साली आमच्या गावात टीव्ही दोनच होते. एक हवालदार नाथाजीचा, दुसरा त्याच्या समोरच्या घरात पोस्टमास्तर नानासोंचा. मध्ये बैलगाडी जाईल एवढा रस्ता. सातारा जिल्ह्याच्या आमच्या कोपऱ्यात पुण्याचं चित्र धरणं सोपं नव्हतं. नाथाजीनं कौलांवर साठ फुटी पाइप उभा केला होता. साठ म्हणतो, पण टोकावर बसलेल्या कावळ्याला खालून दगड मारला तर तो दुसऱ्या दिवशी पोचायचा. अकरा दिवस तो पाइप बोटबोटभर फिरवला, तेव्हा कुठं पडद्यावरच्या मुंग्यांमधून बातम्या सांगणाऱ्या बाईचं कुंकू दिसलं. त्यानंतर पाइपला हात लावायची कुणाची टाप नव्हती. वारा सुटला की नाथाजी भरल्या ताटावरून उठायचा.

फौजेत तो सिग्नलमध्ये हवालदार होता. बावीस वर्षं तारा जोडल्या. त्यामुळं त्याचा पुतण्या गुंडा कुवेतहून एक डबडं घेऊन आला, तेव्हा जोडणार कोण हा प्रश्नच नव्हता.

गुंडा आधी कुपवाडला लेथवर होता, मग तिकडं गेला. डबड्याला फिरवायचे दोन गोल कान होते, पोटात सहा सेल, मागं एक लांब तार आणि तारेच्या टोकाला काडेपेटीएवढी पत्र्याची डबी.

"ह्यो टीव्हीवर खेळायचा खेळ हाय, काका," गुंडा म्हणाला. "एरियलची तार टीव्हीतनं सोडायची, ह्या डबीला लावायची, अन् डबी टीव्हीला. खेळायचं तवा खटका हिकडं, पिक्चर बघायचा तवा तिकडं."

"एरियल सोडायची न्हाई."

"दोन स्क्रू तर हायती."

"अकरा दिस लागल्यात मला. एकदा सुटलेलं पुणं परत घावत न्हाई." नाथाजीनं पत्र्याची डबी कातरली आणि फडताळात टाकली. "असली खेळणी तुमच्या शेखांना. आमी बर्फात उभं राहून दातांनी तारा सोलल्यात."

त्यानं डबड्याची तार आणि एरियलची तार एकाच स्क्रूखाली घेतली, पीळ दिला, वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. टीव्हीवरचा चॅनेलचा नंबर बदलायलाही तो तयार नव्हता. तेव्हा गुंडानंच डबड्याच्या पोटातला बारका स्क्रू फिरवत फिरवत खेळ पुण्याच्या नंबरावर आणून बसवला.

रविवार होता, संध्याकाळच्या पिक्चरची वेळ. पडद्यावर बाई गात होती. तिच्या गालावर एक पांढरी काठी उगवली, कानापाशी दुसरी. मग नाकावरून एक चौकोनी चेंडू टक् टक् करत निघाला.

"आवं, तिला लागंल की," रंगूबाई आतून म्हणाली. ती नाथाजीची बायको.

काका-पुतणे खेळत होते, मी बघत होतो. नाथाजीच्या हाताला शिस्त होती, चेंडू सुटत नव्हता. पाच-तीन झाले असतील. एवढ्यात समोर नानासोंच्या घरात गलका उठला. त्यांच्या सोप्यात रविवारी निम्मा गाव बसायचा, उरलेला खिडकीत. मी तंबाखू थुंकायला म्हणून बाहेर आलो आणि उघड्या दारातून माझं लक्ष त्यांच्या टीव्हीकडं गेलं. तिथंही बाई गात होती आणि तिच्या नाकावरून चेंडू चालला होता.

मी आत येऊन म्हणालो, "नाथाजी, तू जरा काठी वर घे."

"का रं?"

"घे तर."

त्यानं घेतली. मी दारातून बघितलं. समोरची काठी वर गेली.

हे त्याला सांगितलं. त्यानं आधी डबडं बंद केलं, मग टीव्ही, मग कारण नसताना दिवा. अंधारात त्याची ट्रंक वाजली. दिवा परत लागला तेव्हा त्याच्या हातात पोस्टातून काढलेलं टीव्हीच्या लायसनचं पुस्तक होतं.

"वाच," तो गुंडाला म्हणाला. "डोळं हलायल्यात माझं."

गुंडानं वाचलं. लायसन कार्यक्रम घेण्यासाठी होतं. पाठवण्याबद्दल त्यात काही नव्हतं.

"एरियलमधनं बिगरपरवाना सिग्नल सोडला आपण," नाथाजी म्हणाला. "फौजेत ह्याला कोर्ट मार्शल हाय. पेन्शन बंद. वर जेल."

"काका, रस्त्यापलीकडं गेलंय फकस्त. तेवढाच जोर हाय ह्येच्यात."

"आपल्या एरियलचं तोंड कुटं हाय?"

"पुण्याकडं."

"मग?"

खरं सांगायचं तर मला दिसायला लागलं की पुण्यात हजारो माणसं ताट घेऊन बसलीत आणि आमच्या नाथाजीचा चेंडू त्यांच्या घराघरात आपटतोय.

तेवढ्यात नानासो दारात आले. अंगात बंडी, पण डोक्यावर पोस्टाची टोपी. ती टोपी बघून नाथाजी ताडकन उभा राहिला आणि टाचा जुळवल्या.

"हवालदार, तुमच्याकडं पिक्चरमध्ये काही दिसलं का?"

गुंडानं मानेनं नाही म्हणायची खूण केली. नाथाजीनं तिकडं बघितलं नाही. पुस्तक पुढं केलं.

"मी सोडलं, नानासो. वरिष्ठांस्नी रिपोर्ट लिवा. पोराचा काय दोष न्हाई, जोडणी माझी."

नानासोंनी पुस्तक उलटंसुलटं केलं. खाटेवर बसले.

"लिहायचं काय?"

"माज्या टीव्हीवरनं तुमच्या टीव्हीवर आलं, आसं."

"म्हणजे माझा टीव्ही लिहावा लागेल."

"व्हय की."

"त्याच्या लायसनचा नंबर विचारतील."

"मग टाका नंबर."

नानासोंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांच्या टाळूवर घामाचे थेंब जमले होते. चहा घेऊन आलेल्या रंगूबाईनं ते बघितलं.

"नानासो, तुमचा टीव्ही कुटं लिवलेलाच न्हाई का?"

"वैनी, रोज लोकांची लायसनं करता करता स्वतःचं राहून गेलं. दोन वर्षं."

आता भ्यालेली माणसं दोन झाली. एक जण एका लायसनात न बसणारं काम केलं म्हणून भ्यालेला, दुसऱ्याकडं लायसनच नाही. बशीतला चहा दोघांनी एकदम ओढला.

"पुस्तक घ्या परत," नानासो म्हणाले. "मी काही बघितलं नाही."

"घेत न्हाई. उद्या साहेब आला अन् तुमी सांगितलं तर?"

"अन् तुम्ही माझं सांगितलं तर?"

ह्यावर फौजेत तोडगा असावा, कारण नाथाजीला तो लगेच सुचला. दुसऱ्या दिवशी त्यानं सकाळी सहापासून पोस्टाच्या पायरीवर ठाण मांडलं. दहाला कुलूप उघडलं. नानासोंनी स्वतःच्या लायसनसाठी अर्जदार म्हणून एक सही केली, खुर्चीत बसून पोस्टमास्तर म्हणून दुसरी केली आणि शिक्का मारला. शाई वाळेपर्यंत नाथाजी दारात पहाऱ्याला उभा होता. मग नानासोंचं नवं पुस्तक नाथाजीनं आपल्या ट्रंकेत ठेवलं आणि नाथाजीचं नानासोंनी आपल्या कपाटात. एकानं तोंड उघडलं तर दुसऱ्याकडं त्याचा कागद हवा.

पुढं वर्षभर रस्त्यावर जीपचा आवाज आला की दोघंही आपापल्या दारात यायचे. आधी जीपकडं बघायचे, मग एकमेकांकडं.