पाच हात आणि वर चार बोटं

शाळेत मी पाचाच्या पाढ्यापर्यंत गेले. पुढचं कधी अडलं नाही. तीन त्रिक नऊ, चार चोक सोळा, मिळून पंचवीस. आणि पाचा पाचा पंचवीस. एवढ्यावर आमच्या ह्यांनी गवंडीकामात जन्म काढला. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन हात मोजायचे, दुसरीवर चार. तिरकं अंतर पाच हात भरलं की कोपरा काटकोनात.

सुनेला शिवणकामाला खोली हवी होती. चार वर्षं ती मशीन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसायची आणि मी तिला ओलांडून चहा करायचे. गवंड्याने विटांचा पहिला थर लावला, तेव्हा म्हटलं, बघू तरी.

तीन हात आणि चार हात मी मोजले. या घरात सगळं माझ्याच हातानं होतं. तिरकं मोजताना गुडघे वाकेनात, म्हणून सुनेला म्हटलं, "तू घाल हात."

"पाच हात, आई. वर चार बोटं."

"बघ! कोपरा फाकलाय," मी गवंड्यावर उखडले. "काढ विटा."

"मावशी, काटकोनाचा लोखंडी गुण्या लावून थर घातलाय. गुण्या खोटा नाही."

"गुण्या असेल खरा. गुण तुझे खोटे."

त्यानं थापी धुतली, पिशवीत टाकली. "दुसरा गवंडी बघा."

सुनेचा चेहरा उतरला. दुसरा मिळेपर्यंत मशीन दारातच. मग गळ्यातली टेप सावरत ती पुढं आली. "आई, बाही एकीची आणि गळा दुसरीचा मापून शिवलं, तर दोष कापडाचा का?"

"मला शिवण शिकवतेस?"

तिनं हात माझ्या हाताला लावला, कोपराला कोपर. तिची बोटं माझ्या बोटांना पुरेनात.

मग तिन्ही मापं तिनंच घेतली. तीन, चार आणि नेमके पाच.

गवंडी हसला नाही. हसता तर मीच त्याला हाकललं असतं. "हात कुणाचाही चालतो, मावशी. तिन्हीकडे एकाचाच हवा."

"मघापासून मी दुसरं काय सांगतेय? काढ ती थापी."

खोली झाली. कोणी विचारलं तर सांगते, कोपरा मी तपासलाय. आता चहाला जाताना दारात ओलांडायला कुणी नसतं. बोलायलाही नसतं. म्हणून कप घेऊन मीच तिच्याकडे जाते, त्या कोपऱ्यात टेकते. पाठ तिथं अगदी नीट बसते. हे तिला सांगितलेलं नाही.