पाळलेली बुरशी

दादाने दारातूनच सुनावलं होतं, "या खेपेला टोमॅटोची रोपं गेली, तर ही रोपवाटिकेची शेड मोडायची. बस झाले तुझे चोचले."

चोचले! बारा वर्षं तिने, त्याच्या बहिणीने, त्या शेडमध्ये हाडाची काडं केली आणि याला ते चोचले वाटतात.

रोपं मात्र खरंच मरत होती. बोटभर वाढायची, मातीलगत काळी पडायची, आडवी व्हायची. मातीतल्या बुरशीचा रोग. दुकानदाराकडे उत्तर एकच: आणखी औषध. त्याचं काय जातं सांगायला! डब्यावर कवटी छापतात, अक्कल छापत नाहीत.

मग वहिनीने आपल्या नोकरीच्या प्रयोगशाळेतून एक बरणी आणली. उकडलेल्या दाण्यांवर हिरवीगार बुरशी.

"शी! रोग कमी पडला का?"

"वन्सं, ही बुरशीलाच खाते. आधी रस सोडते. त्या रसाने दुसऱ्या बुरशीच्या अंगाचे बारीक कपचे सुटतात. ते हिच्यापर्यंत आले की हिला कळतं, जवळपास शिकार आहे. मग तिकडेच वाढते, विळखा घालते, भोकं पाडते आणि आतलं सगळं शोषून घेते."

"म्हणजे वासावर शेजारणीकडे जेवायला जाणारी."

"शेजारणीलाच जेवणारी! हे औषध मातीत कालवा आणि पेरा."

घोळ झाला तो 'औषध' या शब्दाने. एका औषधाने गुण येतो, तर दोन औषधांनी दुप्पट येईल, असा हिशेब करून तिने पेरणीनंतर दुकानातलं औषधही ओतलं. तीन आठवड्यांत रोपांचे सगळे ट्रे झोपले. फक्त शेवटचा ताठ उभा.

"याला काय वेगळं केलंत?" वहिनीने विचारलं.

"काही नाही. दुकानातलं औषध याला पुरलं नाही."

"अहो, बुरशी मारायचं औषध बुरशीवरच ओतलंत? रोगाच्या बुरशीला ते कधीच पचलंय. मेली ती आपली."

"तूच म्हणालीस, औषध!"

वहिनीचा चेहरा उतरला. "खरंय. जीभ माझीच घसरली. हे औषध नव्हे, जनावर आहे. पाळावं लागतं."

तेवढ्यात दादा पाना घेऊन नटबोल्ट सोडवायला आला. ती दारात आडवी उभी राहिली.

"आधी त्या ट्रेमधलं एक रोप उपट. मग काय मोडायचं ते मोड."

त्याने उपटलं. मुळं पांढरीशुभ्र, दाट, मातीला घट्ट धरून. तो बराच वेळ ते फिरवून बघत राहिला.

"एकच तर ट्रे आहे," तो पुटपुटला.

"एकाच ट्रेला मी हात लावला नव्हता, म्हणून! अजून एक पेरणी दे. औषधाचा थेंब टाकणार नाही."

दादाने रोप परत मातीत खोचलं, अंगठ्याने हलकेच दाबलं. "सगळ्या ट्रेंना पुरेल एवढं आहे का ते बरणीत?"

"ती घरीच वाढते," वहिनी म्हणाली. "दाणे तेवढे उकडायला हवेत."

दादा पाना तिथेच टेकवून मोठं पातेलं आणायला गेला.