एकशे पंचावन्नची रेघ

ही गोष्ट २०२३ सालच्या जानेवारीतली. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचण्या सुरू होत्या. मुलींसाठी उंचीची अट होती किमान एकशे पंचावन्न सेंटिमीटर, आणि सुकापूरच्या अंकिता भोपीला ती पुरी करायची होती.

अंकिताला गणित शिकवायच्या सत्यवतीबाई. शाळेतून निवृत्त होऊन त्या खांदा कॉलनीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत. उभा जन्म त्यांनी बीजगणित शिकवलं. आता जिथे उंच इमारती आहेत तिथे त्यांनी भातखाचरं पाहिली होती, आणि खाडीच्या अंगाला मिठाचे ढीगही. पनवेलच्या निम्म्या रिक्षावाल्यांनी आणि तितक्याच बिल्डरांनी कधी ना कधी त्यांच्यासमोर क्ष ची किंमत काढली होती. अंकिताचा बाप कुंदन त्यांतलाच. बीजगणितात दोनदा गटांगळी खाऊन तिसऱ्या वेळी तो कसाबसा काठाला लागला आणि पुढे करंज्याच्या बंदरावरून बाजारात मासळी आणणारा टेम्पो घेऊन सुखी झाला.

लेकीला घेऊन तो पहिल्यांदा आला तेव्हा दारातच म्हणाला, "बाई, माझ्यात तुमचा वेळ फुकट गेला. हिच्यात वसूल करून घ्या."

"तुझ्यात फुकट गेला असं मी कधी म्हटलं?"

"तुमी नाय म्हटलात. तुमच्या तोंडावर लिहिलेलं असायचा."

पोरगी मात्र बापावर गेली नव्हती. पळण्यात तिचा हात धरणारी सुकापुरात कुणी नव्हती. लेखी परीक्षेची तिला धास्ती होती, ती दीड वर्षात गेली. घातांक तर तिला इतके आवडले की बाई कंटाळल्या तरी ती उदाहरणं मागे. कुठल्याही संख्येचा शून्य घात एक कसा, हे पटेपर्यंत तिने एक अख्खी संध्याकाळ वाद घातला होता. बाईंना मूलबाळ नव्हतं. पोरगी गेटमधून आत येताना दिसली की त्या चहाचं आधण ठेवत.

भरतीच्या आधीचा डिसेंबर. मापनातली अचूकता हा धडा चालला होता. पूर्णांकात घेतलेलं माप म्हणजे खरं माप नव्हे, हे समजावताना बाईंना जवळचं उदाहरण हवं होतं.

"तुझी उंची किती?"

"एकशे पंचावन्न. शाळेच्या आरोग्यपत्रिकेवर आहे."

"म्हणजे एकशे चौपन्न पूर्णांक पाचपासून एकशे पंचावन्न पूर्णांक पाचपर्यंत काहीही. अर्धा किंवा त्याच्या वर असेल तर आपण पुढचा पूर्णांक धरतो ना?"

अंकिताचं पेन थांबलं. बाईंच्याही लक्षात आलं, पण तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही.

त्यांनी तिला भिंतीला टाच लावून उभी केली, मोठा गुण्या डोक्यावर काटकोनात टेकवला, शिसपेन्सिलीने रेघ ओढली आणि स्टीलच्या टेपने मोजलं. एकशे चौपन्न पूर्णांक दोन. परत मोजलं. तेवढंच.

पण माणूस झोपून उठतो तेव्हा जरा उंच असतो आणि दिवसभरात मणके दबून खाली येतो, हे बाईंना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून त्या पहाटे सुकापूरला जाऊ लागल्या. अंथरुणातून उठल्याबरोबर अंकिता एकशे पंचावन्न पूर्णांक चार भरली. कुंदनने ओटीवरच टाळी वाजवली. तासाभराने मोजली तर एकशे चौपन्न पूर्णांक आठ. त्यानंतरच्या तासाने, चौपन्न पूर्णांक पाच.

अंकिताची आजी ठमाबाई उंबऱ्यात बसून हा खेळ बघत होती. "आमच्या टायमाला मानसाची उंची कोन मोजत नव्हता," ती म्हणाली. "भात मोजायचा, मीठ मोजायचा. मानूस आपला हाय तवरा हाय."

"आजी, भरतीवाल्यांना सांग ना तसं," अंकिता म्हणाली.

"सांगीन. मना काय भ्या वाटतंय?"

आठवडाभर मापं घेऊन बाईंनी समीकरण मांडलं. आधी सरळ रेषेचं मांडून पाहिलं, ते जुळेना. मग ध्यानात आलं की एकशे चौपन्न पूर्णांक दोनच्या वरचे बारा मिलिमीटर दर तासाला निम्मे होत जातात. बारा, सहा, तीन, दीड. अंकितानेच ते दोनच्या उणे घातात लिहिलं आणि बाईंकडे पाहिलं. उत्तर बरोबर होतं. एकशे पंचावन्नच्या वर राहायला तिला उभं राहिल्यापासून जेमतेम अर्धा तास मिळणार होता.

"तुमच्या मापात चूक असू शकते ना, बाई?" कुंदनने विचारलं.

"असते. एकदोन मिलिमीटर. दोन्ही बाजूंनी."

"मंग आपल्या बाजूनं धरा की."

"धरून काय उपयोग? मोजणारे ते आहेत."

तेव्हा कुंदनने उपाय काढला. पोरीला उभं राहूच द्यायचं नाही. घरातून आडवी न्यायची, ती थेट मैदानाच्या दारात उभी करायची. टेम्पो त्याने तीन वेळा धुतला, लिंबू चोळलं, उदबत्त्या लावल्या. वास काही गेला नाही.

चाचणीच्या दिवशी पहाटे अंकिताला गादीसकट उचलायला आत्येभाऊ प्रणित आणि शेजारचे दोघे आले. कुंदनसह चौघं झाले. चौघांनी चार कोपरे धरले तशी ठमाबाई ओरडली, "चौघांनी नका उचलू. मेलीय काय माझी पोर? पाचवा हात लावा." मग सत्यवतीबाईंनी मधोमध हात लावला. सत्तरीच्या बाईचा हात, त्याने कसला भार उचलला जाणार? पण लावला. गादीवर अंकिता हसून हसून लाल झाली होती.

"हसू नकोस, मणके हलतात," बाई म्हणाल्या, तशी ती आणखीच हसली.

कळंबोलीच्या पुढच्या त्या मैदानाशी पोचले तर रस्त्याच्या कडेला चटया, सतरंज्या, ब्लँकेटं अंथरलेली. त्यांच्यावर पोरी ओळीने आडव्या. कुणाचा भाऊ पायाशी बसलेला, कुणाची आई डोक्याशी. ही युक्ती आपलीच, असं कुंदनला वाटत होतं. टेम्पोतून अंकिताला उतरवली तेव्हा सतरंजीवरून एक पोरगी म्हणाली, "ए, बोंबील आला वाटतं." अंकिताने पडल्या पडल्या हात हलवला.

दार उघडलं आणि शिट्टी झाली. सगळ्या उठल्या. पालकांना आत मज्जाव होता. सत्यवतीबाई आणि कुंदन तारेच्या जाळीशी जाऊन उभे राहिले.

उंची लगेच मोजतील, असं बाईंनी धरलं होतं. आत मात्र आधी कागदपत्रांची तपासणी होती. टेबलांपुढे रांगा लागल्या, आणि अंकिता तिसऱ्या रांगेत बरीच मागे होती. दोन मुली खाली बसल्या तर त्यांना उठवण्यात आलं. ऊन वर चढलं. बाईंनी घड्याळ पाहिलं नाही, पण डोक्यातलं समीकरण काही थांबेना. सहा राहिले असतील. आता पाच. आता चार.

बाई दारावरच्या शिपायाकडे गेल्या. "तिसऱ्या रांगेतली ती निळ्या शर्टातली मुलगी. तिला थोडा वेळ आडवं पडू द्याल का?"

"आजी, इथे काय सहल आहे?" त्याने विचारलं. आवाज वाईट नव्हता. "सगळ्यांच्याच मुली उभ्या आहेत."

हे खरं होतं. बाई परत जाळीशी आल्या. विद्यार्थ्याला न सुटलेलं उदाहरण त्या फळ्यावर सोडवून दाखवत. इथे उदाहरण सुटलेलं होतं. उत्तर त्यांच्याजवळ होतं आणि ते कुणाला नको होतं.

अंकिता यंत्राखाली उभी राहिली ती लांबून दिसली. मान ताठ, टाचा जुळलेल्या. वरचा दांडा खाली आला. मोजणाऱ्या बाईने आकडा सांगितला आणि अंकिताचे खांदे उतरले.

ती जाळीशी आली. "चौपन्न पूर्णांक सहा," ती म्हणाली. "त्या मॅडम चांगल्या आहेत. म्हणाल्या, मी पूर्णांकात लिहिलं असतं तर तू पास झाली असतीस, पण यंत्र दशांश दाखवतं. एकदा अपील करता येतं. आजच करायचं, परत मोजतात. बाई, करू का?"

"कर ना, विचारतेस काय?" कुंदन म्हणाला. "यंत्र चुकला असल."

अंकिता बापाकडे बघत नव्हती. ती बाईंकडे बघत होती. अपिलाची रांग पुन्हा उन्हात होती आणि तिथेही उभंच राहायचं होतं. जितका वेळ दाद मागायला लागेल तितकी ती आणखी कमी भरणार होती. किती कमी, हे त्या जाळीशी फक्त दोघींना माहीत होतं, कारण तो उणे घात तिनेच आपल्या हाताने लिहिला होता.

नाही म्हणावं तर कुंदनला जन्मभर वाटेल की एक दार ठोठावायचं राहिलं. हो म्हणावं तर पोरीला पुन्हा त्या दांड्याखाली पाठवायचं. बाईंनी जाळीतून बोटं घालून तिचं मनगट धरलं. ते घामाने ओलं होतं.

"कर," त्या म्हणाल्या.

"कमी येईल."

"येईल."

ती गेली. दीड तासाने परत आली. एकशे चौपन्न पूर्णांक चार. कुंदन जाळीच्या खांबाला धरून खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही. अंकिताच त्याला उठवायला बाहेर आली. परतताना ती टेम्पोत पुढे बसली. गादी मागे रिकामी होती.

ठमाबाईला आकडा सांगितला तेव्हा ती म्हणाली, "चिंचोक्याएवढा पन नाय ना त्यो?" आणि हाताने ते माप दाखवायला लागली, पण तिला काही ते दाखवता येईना. बोटं चिकटली की माप संपत होतं.

ठमाबाई पुढच्या वर्षी वारली. सरकारकडची टेप खोटी होती, असंच ती शेवटपर्यंत म्हणत होती. प्रणितने त्याच भरतीत नशीब काढलं. उंचीचा त्याला प्रश्नच नव्हता. कुंदनने टेम्पो विकून दुसरा घेतला. मासळी अजून आणतो, पण बाईंच्या घरासमोरून जाताना हॉर्न देत नाही. पूर्वी द्यायचा. सत्यवतीबाईंनी शिकवण्या बंद केल्या. डोळ्यांचं कारण सांगतात.

अंकिताने पुढे वनखात्याची परीक्षा दिली. तिथे उंचीची अट कमी होती. प्रतीक्षा यादीत नाव आलं आणि यादीची मुदत संपली. आता ती नवीन पनवेलमधल्या एका दवाखान्याच्या दारात सुरक्षारक्षक आहे. खाकी नाही, पण गणवेश आहे, आणि रात्रपाळीचे जास्त मिळतात. तिला घेताना आधारकार्ड पाहिलं, दोन फोटो घेतले. उंची कुणी मोजली नाही.