बसायला घेतलेलं जॅकेट

मित्रांनो, मी एक जुनं केशरी लाइफ जॅकेट आहे. माझा कोणावर राग नाही, असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही.

माझा जन्म मुंबईजवळच्या एका कारखान्यात झाला. पोटात फोमचे जाड थर, बाहेर तीन पट्टे. पाण्यात पडलेल्या माणसाचं तोंड वर ठेवायचं, एवढं एकच काम मला येतं. आम्हा चौदा जणांना खोक्यात भरून भिवपुरीजवळ नदीकाठी आणलं. वरच्या वीजघरातून पाणी सुटतं, त्यामुळे इथली नदी उन्हाळ्यातही वाहती असते. तिथे ऋषिकेश नावाच्या मालकाने कयाकिंगचा कॅम्प काढला होता. कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी, निमुळती होडी.

पाहुण्यांना जॅकेट चढवायचं काम लडकूकडे होतं. तो शेजारच्याच गावचा शेतकरी, पट्टीचा पोहणारा. एकेकाचे पट्टे आवळायचा आणि खांद्याला धरून वर ओढून बघायचा. जॅकेट कानापर्यंत सरकलं की पुन्हा आवळायचा. अगदी लहान मुलासारखी काळजी घ्यायचा तो सगळ्यांची. मग स्वतःच्या कयाकमध्ये मला घडी करून ठेवायचा आणि माझ्यावर बसायचा. कयाकचं प्लास्टिक टोचतं म्हणे! पाच वर्षं मी त्याचं आसन होतो.

पाहुणेही काही कमी नव्हते. काठावर जॅकेट घालून फोटो काढायचे, आमचं कौतुक करायचे आणि नदीच्या मध्यावर गेले की उकडतंय म्हणून पट्टे सैल करायचे.

लडकूची बायको विमलबाई आम्हाला धुऊन सावलीत वाळत घालायची. माझ्या पट्ट्यांना घामाचा वास येत नाही, हे तिनेच ओळखलं. तिने ते मुलीला, कॉलेजात जाणाऱ्या अक्षदाला सांगितलं. त्या संध्याकाळी अक्षदाने बापाला सरळच विचारलं, "बाबा, लोकांना घालता, मग तुमी का नाय घालत?"

लडकू हसला. "या नदीनं मला मोठा केलाय गं पोरी. आता जाकीट घालून उतरलो तर गाव हसंल."

आता सांगा, गाव कधी हसलं होतं? कोणी बघायलाही आलं नव्हतं. पण नदीकाठच्या माणसाने अंगावर जॅकेट चढवणं म्हणजे आपल्याला पोहता येत नाही असं कबूल करणं, ही समजूत तिथल्या प्रत्येक गड्याच्या डोक्यात पक्की होती.

मागच्या माघातली गोष्ट. अनुपम नावाच्या पाहुण्याने फोटोसाठी मध्येच पट्टे सोडले, तो वाकला आणि त्याची कयाक उलटली. सैल जॅकेट डोक्यावरून निघून गेलं. लडकूने क्षणाचाही विचार न करता उडी मारली. त्या धक्क्याने त्याची कयाक कलंडली आणि मीही पाण्यात पडलो. अनुपमला त्याने काठाकडे ढकललं, तो वाचला. पण परत फिरताना लडकूचं डोकं खडकावर आपटलं. त्याची शुद्ध गेली. मित्रांनो, शुद्ध हरपलेला माणूस पोहू शकत नाही, मग तो कितीही पट्टीचा असो. जॅकेटला शुद्धीची गरज नसते. मी त्याच्यापासून तीन हातांवर तरंगत होतो. त्याचं तोंड पाण्याखाली होतं.

तासाभराने लडकू सापडला. मी आधीच सापडलो होतो.

गाव जमलं. पोहणाराच बुडतो, असं कोणीतरी म्हणालं. देव तारी त्याला कोण मारी, असं अनुपमचे नातेवाईक म्हणाले. अरे, तारलं ते लडकूने! ऋषिकेशने मला उलटसुलट पाहिलं, याला काही झालेलं नाही म्हणाला आणि पुन्हा खुंटीला टांगलं. तेव्हा मला माझ्या धडधाकटपणाची लाज वाटली.

महिन्याभरात लडकूच्या जागी त्याचा चुलतभाऊ मनोज आला. ज्याने लडकूला पाण्यातून उचललं, तोच. पहिल्याच दिवशी तो मला घडी करून कयाकमध्ये ठेवू लागला, तेव्हा काठावरून अक्षदा आली. तिने कयाकची दोरी धरून ठेवली.

"काका, आदी अंगात घाला. नायतर मी सोडणार नाय."

मनोजने मान खाली घालून मला चढवलं. तिन्ही पट्टे तिने स्वतः आवळले, खांद्याला धरून ओढून पाहिलं आणि मगच दोरी सोडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला या गावच्या माणसाच्या छातीचे ठोके ऐकू आले. मला फार बरं वाटलं.

पुढे नदी वळते. वळण ओलांडताच मनोजने मागे वळून पाहिलं, एकेक पट्टा सोडला, मला खाली घातलं आणि माझ्यावर बसला.

मित्रांनो, मला जपा अशी विनवणी मी करणार नाही. मी फाटलो तर दुसरं जॅकेट येईल. तुम्ही मला फक्त घाला आणि काठाला परत लागेपर्यंत अंगावर राहू द्या. काठावर उभ्या असलेल्या तुमच्या माणसाला वळणापलीकडचं दिसत नाही.